आदि-जर्मानिक '*वइत': जुनी पोथी आणि जुना पाठ

(१) जुनें पत्र हातीं आलें म्हणजे तें कोणत्या शतकांतलें, हा प्रश्न संग्राहक प्रथम विचारतो. आणि तो विचारणें रास्तच आहे. परंतु पत्राचें वय आणि त्यांतील पाठाचें वय हीं दोन वयें नेहमीं एकच असतात असें नाहीं. जुन्या पोथींत नवा पाठ आढळतो आणि मागाहूनच्या नकलेंत जुना पाठ सुरक्षित राहतो, असा अनुभव पाठशोधन करणाऱ्या प्रत्येकास केव्हांना केव्हां येतोच. हाच न्याय पोथ्यांच्या पलीकडे खुद्द भाषेच्या रूपांनाहि कसा लागू पडतो, हें एका क्रियापदाच्या उदाहरणानें दाखवावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तें क्रियापद आपल्या देशांतलें नव्हे. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक इत्यादि भाषा ज्या एका भाषेपासून निघाल्या असें मानतात, त्या आदि-जर्मानिक भाषेंतलें तें आहे. ही भाषा इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धांत डेन्मार्क, दक्षिण स्कँडिनेव्हिया व उत्तर जर्मनी या टापूंत बोलली जात असावी, असा विद्वानांचा सामान्य अभिप्राय आहे. तींत लिहिलेला एकहि ग्रंथ उपलब्ध नाहीं. असें असतां त्या भाषेंत 'मी जाणतों' या अर्थीं '*वइत' व 'आम्ही जाणतों' या अर्थीं '*वितुम' असें म्हणत, हें शब्दशास्त्रज्ञ बऱ्याच निश्चयानें सांगतात. शब्दाआधीं घातलेल्या तारकेचा अर्थ इतकाच कीं, हें रूप कोठेंहि लिहिलेलें सांपडलेलें नसून तुलनेनें सिद्ध केलेलें आहे. तारका घालण्याची ही चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत औगुस्त श्लाइखर या जर्मन पंडिताच्या ग्रंथांमुळें रूढ झाली.

ज्यास कागद नाहीं त्यास प्रमाण कसें म्हणावें, असा आक्षेप कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं घेणें साहजिक आहे. त्या आक्षेपाचें उत्तर या एका क्रियापदाच्या रूपांतच सांपडतें. शिवाय तें उत्तर मिळविण्याच्या कामीं आपल्याकडील वेदपाठाची साक्ष निर्णायक ठरली आहे. म्हणून हा विषय येथील वाचकांस अगदींच परका वाटूं नये.

लेखनाविषयीं एक सूचना आधींच करणें अवश्य आहे. जर्मानिक शब्दांतील दंत्य वर्ण येथें आपल्या दंत्य वर्णांनींच लिहिले आहेत, म्हणजे संस्कृत रूपांशीं ताडून पाहणें सोपें जाईल. अशा शब्दांतील 'थ' मात्र इंग्रजी 'थिंक' या शब्दाच्या आरंभीं येणाऱ्या घर्षक ध्वनीप्रमाणें समजावा.

(२) प्रथम साक्षीदार कोण ते पाहूं. जर्मानिक भाषांपैकीं सर्वांत जुनें विस्तृत वाङ्मय गॉथिक भाषेंत आहे. डॅन्यूब नदीच्या खालच्या प्रदेशांत राहणाऱ्या गॉथ लोकांसाठीं वुल्फिला नांवाच्या बिशपानें इ. स. च्या चौथ्या शतकांत बायबलाचें भाषांतर केलें, आणि त्याकरितां मुख्यतः ग्रीक अक्षरांच्या आधारानें एक लिपि तयार केली. वुल्फिलाच्या हातचें एकहि पत्र उरलेलें नाहीं. उरल्या आहेत त्या नकला. त्यांत मुख्य ती 'कोडेक्स आर्गेन्तेउस' म्हणजे रौप्य-पोथी होय. जांभळ्या रंगांत रंगविलेल्या चर्मपत्रांवर रुपेरी व सोनेरी शाईनें ही लिहिली असून, ती सहाव्या शतकाच्या आरंभीं इटलींत, बहुधा राव्हेन्ना येथें थिओडोरिक राजाच्या अमदानींत तयार झाली असावी.

या पोथीचा प्रवास संग्राहकांस मनोरंजक वाटेल असा आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास ती जर्मनींतील व्हेर्डेन येथील मठांत असल्याचें उघडकीस आलें. पुढें ती प्राग येथें बादशहा दुसरा रुडोल्फ याच्या संग्रहांत गेली. इ. स. १६४८ मध्यें स्वीडिश सैन्यानें प्राग लुटलें, तेव्हां ती लुटीबरोबर स्वीडनला गेली. तेथून ती आयझॅक व्होसियस या ग्रंथपालाच्या हातीं लागून हॉलंडांत पोंचली, आणि तेथेंच फ्रान्सिस्कस युनियस यानें इ. स. १६६५ मध्यें तिचा पाठ प्रथम छापला. मध्यंतरीं इ. स. १६६२ मध्यें स्वीडनचा सरदार डे ला गार्डी यानें ती विकत घेतली व १६६९ मध्यें उप्साला विद्यापीठास अर्पण केली. मूळच्या ३३६ पत्रांपैकीं आज १८८ उपलब्ध आहेत. त्यांतील १८७ उप्साला येथें असून उरलेलें एक पत्र इ. स. १९७० मध्यें जर्मनींतील श्पायर येथील प्रार्थनामंदिरांत पवित्र अवशेषांबरोबर ठेवलेलें सांपडलें. याखेरीज आंजेलो माइ यानें १८१७ मध्यें मिलानच्या ग्रंथालयांत, आधींचा मजकूर पुसून त्यावर दुसरा ग्रंथ लिहिलेलीं अशीं चर्मपत्रें शोधून काढलीं. त्यांच्या पुसट अक्षरांतून गॉथिक पाठाचा आणखी मोठा भाग हातीं आला. अशाच जातीचें एक पत्र बोलोन्या येथें मिळून त्याचा पाठ एकविसाव्या शतकांत प्रसिद्ध झाला आहे. तात्पर्य, ही सामग्री थोडी असली तरी ती अद्यापि वाढत आहे.

गॉथिकनंतरचे साक्षीदार म्हणजे आठव्या शतकापासून पुढें लिहिली गेलेली प्राचीन उच्च-जर्मन, अँग्लो-सॅक्सन अथवा प्राचीन इंग्रजी, प्राचीन सॅक्सन, आणि त्यांहूनहि मागाहून पोथ्यांत उतरलेली प्राचीन नॉर्स, ह्या भाषा होत.

(३) आतां रूपें पाहूं. मी, तूं, तो या क्रमानें गॉथिकमध्यें एकवचनीं 'वइत, वइस्त, वइत' अशीं रूपें होतात. आम्ही, तुम्ही, ते या क्रमानें अनेकवचनीं 'वितुम, वितुथ, वितुन' अशीं होतात. संस्कृताप्रमाणें गॉथिकमध्यें द्विवचनहि आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत याकोब व योहान हे दोघे भाऊ येशूपाशीं एक मागणें मागतात, तेव्हां 'तुम्ही दोघे जाणत नाहीं' अशा अर्थाच्या उत्तरांत 'वितुत्स' हें द्विवचनी रूप आलें आहे.

हींच रूपें इतर शाखांत पाहावीं. प्राचीन इंग्रजींत एकवचनीं 'वात, वास्त, वात' व अनेकवचनीं 'वितोन'. प्राचीन नॉर्समध्यें 'वेइत' व 'वितुम'. प्राचीन उच्च-जर्मनमध्यें 'वेइस' व 'विस्सुम'. आजच्या जर्मन भाषेंतहि 'मी जाणतों' याला 'वाइस' व 'आम्ही जाणतों' याला 'विसन' असाच भेद चालूं आहे. इंग्रजींतून हें क्रियापद बहुतेक गेलें. 'विट', 'विटनेस' असे कांहीं शब्द तेवढे मागें राहिले.

या रूपांत दोन गोष्टी विलक्षण आहेत. पहिली ही कीं, एकवचनांत 'अइ' असा संयुक्त स्वर आहे आणि द्विवचन-अनेकवचनांत केवळ 'इ' आहे. दुसरी ही कीं, 'तो जाणतो' या रूपास वर्तमानकाळाचा प्रत्यय मुळींच लागत नाहीं. 'मी' व 'तो' यांचीं रूपें एकच. जर्मानिक भाषांत सामान्य क्रियापदाच्या वर्तमानकाळीं असें होत नाहीं. असें होतें तें भूतकाळीं. म्हणजे अर्थ वर्तमानाचा व सांचा भूतकाळाचा, असा हा प्रकार आहे. या क्रियापदाच्या सोबतीला अशीं आणखी डझनभर क्रियापदें आहेत. इंग्रजी शिकणाऱ्या मुलास 'ही कॅन', 'ही मे', 'ही शॅल' असें शिकवितात आणि येथें शेवटीं 'स' कां लावावयाचा नाहीं याचें कारण सांगत नाहींत. कारण हेंच कीं, हीं रूपें मूळचीं भूतकाळाच्या सांच्यांतलीं आहेत व त्या सांच्यांत तृतीय पुरुषास तसा प्रत्यय नव्हता.

(४) हें कोडें केवळ जर्मानिक भाषांच्या पोटांत शिरून सुटण्यासारखें नव्हतें. तें संस्कृतानें सुटलें. संस्कृतांत 'विद्' म्हणजे जाणणें या धातूचीं 'वेद, वेत्थ, वेद' अशीं एकवचनाचीं, 'विद्व, विदथुः, विदतुः' अशीं द्विवचनाचीं, आणि 'विद्म, विद, विदुः' अशीं अनेकवचनाचीं रूपें होतात. हे प्रत्यय लिट् लकाराचे म्हणजे परोक्षभूताचे आहेत; अर्थ मात्र लटाचा म्हणजे वर्तमानाचा आहे. लिटांत धातूचें द्वित्व व्हावयास पाहिजे, जसें 'चकार', 'ददर्श'. परंतु 'वेद' या रूपांत द्वित्व नाहीं. गॉथिक 'वइत' यांतहि द्वित्व नाहीं. ग्रीक भाषेंत 'ओइद' म्हणजे मी जाणतों, आणि होमरच्या भाषेंत 'इद्मेन' म्हणजे आम्ही जाणतों. तेथेंहि सांचा भूताचा, अर्थ वर्तमानाचा, द्वित्व नाहीं, आणि एकवचनांत संयुक्त स्वर व अनेकवचनांत ऱ्हस्व 'इ'. चार खुणा तीन भाषांत एकाच शब्दाच्या ठायीं एकत्र याव्या, हा योगायोग म्हणतां येत नाहीं.

पाणिनीच्या नजरेंतून ही गोष्ट सुटलेली नव्हती. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादांतील ८३ व्या सूत्रानें, 'विद्' धातूपुढें लटाच्या प्रत्ययांच्या जागीं लिटाचे प्रत्यय विकल्पानें येतात असें सांगितलें आहे. आणि लगेच पुढच्या सूत्रांत 'आह' या रूपाची तशीच व्यवस्था लाविली आहे. शास्त्राच्या सोयीसाठीं पाणिनीनें 'वेत्ति' हें नियमित रूप धरून 'वेद' हा विकल्प मानला. ऐतिहासिक क्रम याच्या उलट आहे: 'वेद' हें जुनें, आणि इतर धातूंच्या वर्तमानरूपांच्या वळणावर बनविलेलें 'वेत्ति' हें नवें. सूत्रांत विकल्प म्हणून नोंदला गेलेला पाठच येथें मूळचा आहे.

भूताच्या सांच्यांत वर्तमानाचा अर्थ कसा शिरला, हें समजावयास मराठी माणसास परकीय उदाहरणाची गरज नाहीं. 'मला कळलें', 'मला समजलें' असें आपण म्हणतों तेव्हां रूप भूतकाळाचें असतें, पण कळण्याची क्रिया होऊन तिच्यापासून उत्पन्न झालेली आजची स्थिति आपणांस सांगावयाची असते. 'मी दमलों', 'त्याला भूक लागली' हींहि तशींच. मूळ भाषेंत 'विद्' या धातूचा अर्थ पाहणें, दृष्टीस पडणें असा होता. लॅटिनमध्यें 'विदेओ' म्हणजे मी पाहतों असाच अर्थ राहिला. 'मीं पाहिलें आहे' म्हणजेच 'मला ठाऊक आहे', असा हा अर्थाचा ओघ आहे. ज्ञान म्हणजे पाहिल्याची शिल्लक, ही कल्पना या क्रियापदाच्या सांच्यांतच रुतून बसली आहे.

या धातूचें कर्तृवाचक कृदन्तहि दोन्हीं बाजूंस सांपडतें. संस्कृतांत 'विद्वस्' म्हणजे जाणता. तोच आपला 'विद्वान्'. त्याच घडणीचा गॉथिक शब्द 'वेइतवोद्स' असा असून त्याचा अर्थ साक्षीदार असा आहे. ज्यानें पाहिलें तोच जाणता, आणि जो जाणता तोच साक्षी.

मूळचें भूतरूप वर्तमानांत गेल्यावर भूतकाळासाठीं नवें रूप बनविणें भाग पडलें. तें धातूस दंत्य प्रत्यय लावून बनविलें. धातूचा व प्रत्ययाचा असे दोन दंत्य वर्ण एकत्र आले असतां जर्मानिकमध्यें त्यांचा 'स्स' होतो. म्हणून गॉथिकमध्यें 'मला ठाऊक होतें' याला 'विस्स' व प्राचीन इंग्रजींत 'विस्से' असें म्हणत. प्राचीन इंग्रजींत याबरोबर 'विस्ते' असेंहि रूप सांपडतें. इतर क्रियापदांत दिसणारा 'त' प्रत्यय येथेंहि दिसावा म्हणून तो पुन्हां चिकटविलेला आहे. दोहोंपैकीं अवघड व अनियमित रूप जुनें, सोपें व नियमित रूप नवें. हा नियम पाठशोधकांस नवा नाहीं.

(५) आतां स्वरभेदाचें कारण पाहूं. कारण येथेंच जुन्या पोथीचा व जुन्या पाठाचा झगडा स्पष्ट होतो. वेदांत 'वेद' या रूपाचा उदात्त धातूवर आहे, आणि 'विद्म', 'विद', 'विदुः' या रूपांचा उदात्त प्रत्ययावर आहे. उदात्त धातूवर असतां धातूचा स्वर भरीव राहतो, तो प्रत्ययावर सरकला असतां धातूचा स्वर आंखडतो. 'वेद' व 'विद्म' यांतील गुण व गुणाभाव ह्याच कारणानें झाला आहे. जर्मानिक भाषांत मूळची ही स्वरव्यवस्था मोडून बल नेहमीं शब्दाच्या आद्य अवयवावर पडूं लागलें. कारण नष्ट झालें, कार्य मात्र 'वइत' व 'वितुम' या भेदाच्या रूपानें मागें उरलें.

ह्या नष्ट कारणाचा दुसरा पुरावा कार्ल व्हेर्नेर या डॅनिश पंडितानें दिला. त्याचा निबंध कूनच्या नियतकालिकाच्या १८७७ सालच्या खंडांत आहे. त्याच्या आधीं याकोब ग्रिम यानें १८२२ मध्यें जर्मानिक व्यंजनांच्या परिवर्तनाचा नियम मांडला होता. परंतु कांहीं शब्द त्या नियमास जुमानीत नव्हते. गॉथिकमध्यें भावाला 'ब्रोथर' म्हणत व बापाला 'फदर'. मूळ व्यंजन एकच असतां एकीकडे 'थ' व दुसरीकडे 'द' कां? व्हेर्नेरनें संस्कृत शब्दांचे उदात्त पाहिले. 'भ्रातृ' शब्दांत उदात्त पहिल्या अवयवावर आहे, 'पितृ' शब्दांत दुसऱ्यावर. उदात्त व्यंजनाच्या लगत आधीं असेल तर घर्षक कठोर राहतो, नसेल तर तो मृदु होतो, असा नियम त्यानें सिद्ध केला. आणि क्रियापदांच्या भूतकाळांत एकवचन व अनेकवचन यांमध्यें जो व्यंजनभेद दिसतो, तोहि याच नियमानें उलगडला.

त्यांतील एक उदाहरण प्रत्येक इंग्रजी जाणणाऱ्याच्या तोंडीं आहे. 'होता' याला 'वॉझ' व 'होते' याला 'वेअर': एकीकडे ऊष्म वर्ण आणि दुसरीकडे रकार. हा धातु संस्कृत 'वस्' म्हणजे राहणें हाच होय. त्याच्या 'उवास' या एकवचनी रूपाचा उदात्त धातूवर पडतो व 'ऊषिम' या अनेकवचनी रूपाचा प्रत्ययावर पडतो. प्रत्ययावर उदात्त असल्यामुळें अनेकवचनांतला 'स' मृदु झाला, व पुढें उत्तर आणि पश्चिम जर्मानिक भाषांत त्या मृदु वर्णाचा रकार झाला. आतां रौप्य-पोथीची साक्ष काढावी. गॉथिकमध्यें हीं रूपें 'वस' व 'वेसुम' अशीं आहेत, दोन्हींकडे 'स'च. भेद पुसला गेला आहे.

याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. सहाव्या शतकांतील चर्मपत्रावर, चौथ्या शतकांतील भाषांतराच्या नकलेंत, सारखें करून घेतलेलें नवें रूप आहे. आणि ज्या प्राचीन इंग्रजी काव्याच्या चार प्रमुख पोथ्या इ. स. १००० च्या आगेंमागें लिहिल्या गेल्या, त्या भाषेंत, इतकेंच नव्हे तर आजच्या शाळकरी पोराच्या इंग्रजींत, जुना भेद जिवंत आहे. केवळ पोथीच्या वयावर भिस्त ठेवली असती, तर गॉथिक 'वेसुम' हेंच मूळ मानून इंग्रजी रकार हा मागाहूनचा अपभ्रंश ठरविला गेला असता. असा निर्णय करणारा मनुष्य जुन्या कागदाचा आदर करीत असतां जुन्या पाठाचा घात करता.

मात्र गॉथिक पोथी सर्वत्रच नवीन पाठ देते असेंहि नाहीं. आपलें क्रियापद ज्या वर्गांतलें आहे त्याच वर्गांत 'अइह' म्हणजे माझ्या मालकीचें आहे, असें क्रियापद आहे. तें संस्कृत 'ईश्' धातूचें भावंड होय. त्याचें अनेकवचन गॉथिकमध्यें 'अइगुम' असें मिळतें, म्हणजे येथें कठोर व मृदु वर्णांचा जुना भेद कायम आहे. आणि त्याबरोबर सारखें केलेलें 'अइहुम' हेंहि आढळतें. जुना पाठ व नवा पाठ एकाच भाषेंत शेजारीं शेजारीं नांदत आहेत. ज्या रूपांचा सांचा आधींच विलक्षण असतो व ज्यांचा वापर रोजचा असतो, तीं रूपें सुधारण्याच्या भानगडींत बोलणारे सहसा पडत नाहींत. म्हणून या लहानशा वर्गांत जुनें धन अधिक राहिलें.

(६) असें जर आहे, तर सर्वांत विश्वसनीय साक्षीदार कोणता? उत्तर असें कीं, एकहि नाहीं. प्रत्येक साक्षीदार कांहीं ठिकाणीं खरा व कांहीं ठिकाणीं बदललेला आहे. संस्कृतानें उदात्त राखला व 'विदुः' या रूपांतला प्राचीन प्रत्यय राखला. जर्मानिक 'वितुन' यांतील नकार इतर भूतरूपांवरून आलेला आहे. उलट पक्षीं मूळ भाषेंतील 'ए', 'ओ' व 'अ' या तीन स्वरांचा भेद संस्कृतानें गमावला. 'वेद' यांतील एकार मूळचा 'ओइ' होता हें संस्कृतावरून कधींच कळलें नसतें; तें ग्रीक 'ओइद' सांगतें. जर्मानिकमध्यें त्या 'ओइ'चा 'अइ' झाला, 'द'चा 'त' झाला व अंत्य स्वर गळाला. म्हणजे '*वोइदे' या मूळ रूपापासून '*वइत' हें रूप पायरीपायरीनें सरळ निघतें.

मध्यम पुरुषाचें एकवचन तर अधिक बोधप्रद आहे. संस्कृत 'वेत्थ' या रूपांतील 'थ' प्रत्ययाचा प्रतिनिधि गॉथिक 'वइस्त' यांतील अंत्य 'त' हा आहे. त्याआधींचा सकार दोन दंत्यांच्या संयोगानें झाला. निवळ ध्वनिनियमानें '*वइस्स' असें व्हावयाचें, पण इतर क्रियापदांवरून 'त' पुन्हां आणला गेला. पश्चिमेकडील जर्मानिक भाषांनीं साध्या भूतकाळांतून हा 'त' प्रत्यय टाकून दिला. परंतु या लहानशा वर्गांत त्यांनाहि तो टाकवला नाहीं. प्राचीन इंग्रजी 'वास्त' यांत तो आहे, आणि जुन्या इंग्रजी धर्मग्रंथांच्या भाषेंतील 'दाउ शॅल्ट' या शब्दांतला शेवटचा टकारहि तोच आहे. 'वेत्थ' व 'शॅल्ट' यांच्या शेवटीं एकच प्रत्यय उभा आहे, हें तुलनेवांचून कोणाच्या ध्यानांत आलें असतें?

या सर्व साक्षी तोलून आदि-जर्मानिक रूपें अशीं ठरतात: एकवचनीं '*वइत, *वइस्त, *वइत', अनेकवचनीं '*वितुम, *वितुथ, *वितुन', हेत्वर्थक '*वितनँ', भूतकाळीं '*विस्स-' हें अंग. यांपैकीं पुष्कळ रूपें गॉथिकशीं अक्षरशः जुळतात. तरीहि त्यांवर तारका घालावी लागते. कारण गॉथिक ही त्या घराण्यांतील थोरली बहीण आहे, आई नव्हे. 'वइत' येथें ती आईसारखी दिसते, 'वेसुम' येथें दिसत नाहीं; आणि कोठें दिसते व कोठें नाहीं हें सर्व बहिणी एकत्र उभ्या केल्यावांचून ठरत नाहीं.

ही रीति पुण्यांतील वाचकांस अपरिचित नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति १९१९ मध्यें आरंभिली व १९६६ मध्यें पुरी केली, तींत हेंच तत्त्व आहे. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखालीं आदिपर्व १९३३ मध्यें पूर्ण झालें. प्रतींचीं घराणीं लावावयाचीं, कोणत्या शाखा परस्परांपासून स्वतंत्र आहेत हें पाहावयाचें, आणि स्वतंत्र शाखांचें जेथें ऐकमत्य होतें तेथें जुना पाठ मानावयाचा. अशा रीतीनें छापलेला पाठ कोणत्याहि एका पोथींत जसाच्या तसा नसतो. तरी त्यास कल्पित म्हणून कोणी टाकीत नाहीं. तारकांकित शब्द हा भाषेच्या क्षेत्रांतला तसाच संशोधित पाठ आहे. मूळ वक्त्याच्या तोंडचा उच्चार तंतोतंत असाच होता, असा त्याचा दावा नाहीं. सर्व साक्षींचा उलगडा ज्यानें होतो तें रूप हें, इतकाच त्याचा दावा आहे.

(७) अशा संशोधित रूपांस बाहेरून दुजोरा मिळतो काय? कांहीं ठिकाणीं मिळाला आहे. डेन्मार्कमध्यें दक्षिण जटलंडांत ग्यालेहूस या गांवीं इ. स. १७३४ मध्यें एक सोन्याचें शिंग सांपडलें. त्यावर रून लिपींत, हें शिंग आपण घडविलें, असें एका कारागिरानें आपल्या नांवानिशीं कोरलें होतें. लेख पांचव्या शतकाच्या आरंभाचा धरतात. कारागिराच्या नांवाचा उत्तरार्ध 'गस्तिज़्' असा आहे. गॉथिक 'गस्त्स', नॉर्स 'गेस्त्र' व लॅटिन 'होस्तिस' यांची तुलना केली असतां जें '*गस्तिज़्' हें मूळ रूप निघतें, तेंच येथें सोन्यावर कोरलेलें आहे. त्याच घराण्याबाहेरील फिन्निश भाषेनें फार पूर्वीं उसना घेतलेला 'कुनिंगस' म्हणजे राजा हा शब्द आजहि आपला शेवटचा अवयव राखून आहे. जर्मानिक भाषांत मात्र त्याचा 'किंग', 'कोनिग', 'कोंगे' असा संकोच झाला. '*कुनिंगज़्' हें तुलनेनें काढलेलें रूप शेजाऱ्याच्या घरीं ठेव म्हणून सुरक्षित राहिलें.

परंतु त्या शिंगाचें पुढें काय झालें, हें संग्राहकांनीं अवश्य ऐकावें. १८०२ मध्यें एका सोनारानें तें कोपनहेगन येथून, १६३९ मध्यें तेथेंच सांपडलेल्या दुसऱ्या शिंगासह, चोरलें व दोन्हीं आटवून टाकलीं. मूळ वस्तु नाहींशी झाली. आज तो लेख आपणांस वाचतां येतो तो पूर्वीं काढून ठेवलेल्या आकृतींवरून. जर्मानिक भाषांच्या इतिहासांतील एक अत्यंत मोलाचा लेख केवळ नकलेच्या आधारानें जगला आहे. रौप्य-पोथीचींहि दहा पत्रें एकोणिसाव्या शतकांत चोरीस गेलीं होतीं. तीं १८५७ मध्यें परत मिळालीं, हें सुदैव.

(८) या विवेचनावरून कोणी असें अनुमान काढूं नये कीं, जर्मानिक भाषा संस्कृतापासून निघाल्या. विल्यम जोन्स यानें १७८६ मध्यें कलकत्त्यास दिलेल्या व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्याबरोबर गॉथिकचेंहि नांव घेऊन, या भाषांचें मूळ एक असून तें कदाचित् आतां अस्तित्वांत नसेल, असेंच सुचविलें होतें. आणि फ्रान्झ बोप यानें १८१६ मध्यें क्रियापदांच्या रूपांची तुलना करून त्या मताचा पाया घातला. 'वेद' यांतून 'ओइद' निघूं शकत नाहीं. दोन्हीं तिसऱ्यापासून निघालीं. तसेंच भाषेचें नातें म्हणजे रक्ताचें नातें नव्हे. हा विवेक सोडून विसाव्या शतकांत युरोपांत आर्यवंशाच्या नांवानें जो अनर्थ झाला, तो तारकेचा दोष नसून तारकेचा अर्थ विसरल्याचा दोष होय.

आपल्या संग्रहांविषयीं मात्र यांतून एक कर्तव्य निष्पन्न होतें. भांडारकर मंदिरांतील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद २००७ मध्यें युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत झाली. रौप्य-पोथीची २०११ मध्यें झाली. त्या ऋग्वेद-पोथ्यांपैकीं सर्वांत जुनी दिनांकित पोथी इ. स. १४६४ मधील आहे, म्हणजे ती रौप्य-पोथीहून सुमारें साडेनऊशें वर्षांनीं धाकटी आहे. तरी 'वइत' व 'वितुम' यांतील भेदाचें कारण रौप्य-पोथीस सांगतां येत नाहीं; वेदपाठकांच्या मुखांत जपलेला आणि अक्षराखालील आडव्या व डोक्यावरील उभ्या रेघांनीं पोथ्यांत दाखविलेला स्वर तें सांगतो. त्या रेघा निरर्थक म्हणून एखाद्या लेखकानें गाळल्या असत्या, व पाठकांनीं त्या स्वराची हयगय केली असती, तर व्हेर्नेरला आपला नियम सिद्ध करण्यास मुख्य आधारच उरला नसता.

म्हणून नकल अर्वाचीन आहे एवढ्यावरून ती बाजूस टाकूं नये; तिचा पाठ कोणत्या शाखेचा आहे हें आधीं पाहावें. अनियमित रूप दिसल्यास तें लेखकप्रमाद म्हणून परस्पर सुधारूं नये. पुष्कळदां तेंच जुनें असतें. आणि ज्या खुणांचा अर्थ आज आपणांस लागत नाहीं, त्याहि जशाच्या तशा उतरून घ्याव्या. जी रेघ आज निरुपयोगी वाटते, तिच्यावरून उद्यां कोणत्या दूरच्या भाषेच्या कोणत्या शब्दाचा निवाडा व्हावयाचा आहे, हें आधीं कोणासहि सांगतां येत नाहीं.